इंजिनाचा मिसफायर : ओळख, तपासणी आणि दुरुस्ती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गाडी 'मिसिंग करते' म्हणजे इंजिनात नेमके काय घडते?

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे हे चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते. एखाद्या चक्रात मिश्रण पेटलेच नाही किंवा अर्धवट पेटले, तर त्या सिलिंडरकडून क्रँकशाफ्टला मिळायचा धक्का मिळत नाही, आणि यालाच मिसफायर म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनात असा धक्का दर १८० अंशांनी मिळत असतो, तर तीन सिलिंडरच्या इंजिनात दर २४० अंशांनी. त्यामुळे तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर बंद पडला तर थरथर अधिक तीव्र जाणवते. इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्या) आयडल करत असताना, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसते चालू असताना, प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, म्हणून त्यातले मोजके ठोके चुकले तरी आसनाला आणि स्टिअरिंगला ते कळतात.

मिश्रण पेटण्यासाठी योग्य वेळी पडणारी सशक्त ठिणगी, योग्य प्रमाणातले हवा-इंधन आणि पुरेसे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाणे) एवढ्याच गोष्टी लागतात. पुढची सारी तपासणी म्हणजे यांपैकी कोणती कमी पडते आहे, हे पुराव्याने ठरवणे होय. 'पुराव्याने' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण मिसफायरच्या दुरुस्तीत वाया जाणारा बहुतेक खर्च अंदाजाने बदललेल्या चांगल्या सुट्या भागांवर झालेला असतो.

ही लक्षणे मिसफायरचीच आहेत, हे कसे ओळखावे?

आयडलला लयीत येणारी थरथर, वेग वाढवताना बसणारे झटके, पिकअप कमी होणे, सायलेन्सरमधून येणारा तुटक 'फट्-फट्' आवाज आणि न जळालेल्या पेट्रोलचा वास ही ओळखीची लक्षणे होत. सायलेन्सरच्या तोंडाशी काही अंतरावर हात धरला तर निरोगी इंजिनाचा झोत एकसारखा लागतो, आणि मिसिंग करणाऱ्या इंजिनाचा झोत ठरावीक अंतराने चुकतो.

मात्र इंजिनाचे माउंटिंग फाटले असेल तर इंजिन व्यवस्थित पेटत असूनही गाडी थरथरते, आणि क्लच घासला असेल तरी निघताना हिसके बसतात. चाकांच्या असंतुलनाची थरथर गाडीच्या वेगानुसार बदलते, इंजिनाच्या आरपीएमनुसार नव्हे. हा फरक आधी पाहून घ्यावा.

'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकतो आहे. गाडी चालवत राहावी का?

नाही. दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी सावकाश चालवत तपासणीला नेता येते. परंतु तो लुकलुकत असेल, तर मिसफायरचे प्रमाण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (सायलेन्सरच्या मार्गातला, धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) इजा करण्याइतके वाढले आहे, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. न पेटलेले पेट्रोल आणि न वापरला गेलेला ऑक्सिजन हे दोन्ही एकत्र कन्व्हर्टरमध्ये पोहोचतात आणि तिथे पेट घेतात, त्यामुळे आतली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी वितळू शकते. वितळलेली जाळी धुराचा मार्ग अडवते, आणि मग एका स्पार्क प्लगमुळे (ठिणगी पाडणारा भाग) सुरू झालेला बिघाड कन्व्हर्टरच्या मोठ्या खर्चापर्यंत जातो. अॅक्सिलरेटर सोडावा, सुरक्षित जागी थांबावे आणि शक्य असेल तर गाडी ओढून न्यावी. सुकलेल्या गवतावर गाडी उभी करू नये, कारण अशा वेळी कन्व्हर्टर विलक्षण तापलेला असतो.

दीर्घकाळ तसेच चालवल्यास आणखी एक हानी होते, जी डोळ्यांना दिसत नाही. न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर मिसफायर दुरुस्त झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलूनच घ्यावेत.

स्कॅनरवर पी०३०० किंवा पी०३०३ असा कोड येतो. त्याचा अर्थ काय?

पी०३०१, पी०३०२, पी०३०३ या मालिकेतला शेवटचा अंक सिलिंडरचा क्रमांक सांगतो, म्हणजे पी०३०३ हा तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. पी०३०० म्हणजे मिसफायर एका सिलिंडरपुरता मर्यादित नाही किंवा तो कोणत्या सिलिंडरमध्ये आहे हे ईसीयूला (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला) ठरवता आलेले नाही. पहिल्या प्रकारात त्या सिलिंडरच्या स्वतःच्या भागांकडे पाहावे, तर दुसऱ्या प्रकारात सर्व सिलिंडरना सामाईक असलेल्या गोष्टींकडे, म्हणजे इंधनाचा दाब, इनटेकमधली (इंजिनात हवा येण्याच्या मार्गातली) हवेची गळती, टायमिंग चेन किंवा बेल्ट, क्रँक सेन्सर यांच्याकडे.

ईसीयू हे सिलिंडरच्या आत डोकावून ठरवत नाही. क्रँक सेन्सर क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्राचा वेग मोजत असतो आणि प्रत्येक ज्वलनानंतर अपेक्षित असलेली सूक्ष्म वाढ दिसली नाही, की त्या वेळी ज्याची पाळी होती त्या सिलिंडरच्या नावे मिसफायर मांडला जातो. म्हणून कोड हा निदान नसून दिशादर्शक असतो. 'तिसऱ्या सिलिंडरने धक्का दिला नाही' एवढेच तो सांगतो. का दिला नाही, ते सांगत नाही.

सिलिंडर कोणत्या बाजूने मोजायचे, हेही गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. बहुतेक इंजिनांत पहिला सिलिंडर टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूला असतो, पण काही उत्पादक फ्लायव्हीलच्या बाजूने मोजतात, आणि हे न पाहिल्यामुळे चुकीच्या टोकाच्या सिलिंडरवर तासन्‌तास काम झालेले मी पाहिले आहे.

कोड तिसऱ्या सिलिंडरचा आहे, तर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलून टाकावी का?

इथेच थांबावे. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज पुरवणारा भाग. बदलण्यापूर्वी अदलाबदल करावी, कारण ही चाचणी जवळजवळ फुकट होते आणि तिचे उत्तर स्पष्ट असते.

सर्वप्रथम स्कॅनरवरचे सर्व कोड आणि फ्रीझ फ्रेममधली माहिती लिहून ठेवावी. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिनाचे तापमान काय होते आणि इंजिनावर भार किती होता, हे तिथे नोंदलेले असते, आणि कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते. त्यानंतर इंजिन बंद करून तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवावी. इतर काहीही हलवू नये. कोड पुसून, फ्रीझ फ्रेममध्ये होती तशाच परिस्थितीत गाडी चालवावी. आता पी०३०२ आला, तर बिघाड कॉइलबरोबर सरकला आणि कॉइलच दोषी ठरली. पी०३०३ च कायम राहिला, तर ती कॉइल निर्दोष आहे.

मग हीच युक्ती प्लगवर वापरावी आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लग चौथ्यात टाकावा. एका वेळी एकच वस्तू हलवण्याचा नियम कसोशीने पाळावा. कॉइल आणि प्लग एकदमच हलवले तर दोष सरकल्याचे कळते, पण कोणाबरोबर सरकला हे कळत नाही. इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) सहज काढता येण्याजोगे असतील तर शेवटी तेही अदलाबदल करून पाहता येतात, मात्र त्यांचे रबरी ओ-रिंग नवे वापरावेत. सर्व काही हलवूनही कोड तिसऱ्या सिलिंडरवरच ठाण मांडून बसला, तर वायरिंग, कॉम्प्रेशन किंवा त्या सिलिंडरजवळची हवेची गळती एवढ्याच शक्यता उरतात.

काढलेल्या प्लगवर काय पाहावे?

प्लग म्हणजे सिलिंडरच्या आतून आलेला साक्षीदार असतो, म्हणून तो पुसण्याआधी उजेडात नीट पाहावा. टोकाकडील सिरॅमिक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात इंधन जास्त आहे. ओला, पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे इंधन पोहोचले पण पेटले नाही. आणि चिकट काळे ऑइल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येत आहे. इतर प्लग सामान्य असताना एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याचा संशय घ्यावा.

वरचा पांढरा सिरॅमिकचा भागही बोटांत फिरवत तिरक्या उजेडात पाहावा. त्यावर षट्कोनापासून वरच्या टोकापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेष दिसली, तर ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता या रेषेवरून बाहेरच्या बाहेर उडत होती. ही रेष पुसून जात नाही. तिच्यासमोर कॉइलच्या रबरी बुटाच्या आतल्या बाजूसही तशीच रेष उमटलेली असते, म्हणून फक्त प्लग बदलला तर जुना बूट थोड्याच दिवसांत नव्या प्लगवर तशीच रेष ओढतो. बूट आणि प्लग दोन्ही बदलावेत.

प्लगची खाच ऑइलने भरलेली असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचे सील गळत आहे, आणि ते न बदलता नवी कॉइल बसवणे व्यर्थ आहे. इंजिन धुतल्यानंतर लगेच मिसिंग सुरू झाले असेल, तर तिथे पाणी साचले आहे का ते आधी पाहावे.

प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधले अंतर, पुस्तिकेप्रमाणे असावा. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. इरिडियम प्लगचे मधले टोक अतिशय बारीक असते, त्यामुळे त्यात गेज रेटून घालू नये.

मल्टिमीटरवर कॉइल ठीक दाखवते. तरी ती खराब असू शकते का?

होय, आणि हे वारंवार घडते. मल्टिमीटर कॉइलचा रोध थंड अवस्थेत आणि नगण्य व्होल्टेजवर मोजतो, तर प्रत्यक्ष कामात तिला तापलेल्या इंजिनावर हजारो व्होल्ट निर्माण करावे लागतात. आतल्या इन्सुलेशनला पडलेली भेग त्या दाबाखालीच उघडी पडते. शिवाय आजच्या अनेक कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट आतच बसवलेले असते, त्यामुळे तिथे रोध मोजण्याला काही अर्थ उरत नाही. अदलाबदलीची चाचणी या सर्वांपेक्षा विश्वासार्ह आहे.

ठिणगी ठीक असल्याचे सिद्ध झाले. इंजेक्टर कसा तपासावा?

लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली तर प्रत्येक इंजेक्टरची टिकटिक ऐकू येते. एखादा मुका असेल किंवा त्याचा आवाज मंद असेल तर तो लगेच वेगळा कळतो. नंतर इंजिन आयडलवर असताना एकेका इंजेक्टरची जोडणी क्षणभर काढून पाहावी. चांगल्या सिलिंडरची जोडणी काढली की इंजिन लगेच अडखळते. ज्याची जोडणी काढूनही काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर बंद आहे. यासाठी कॉइलची जोडणी काढण्यापेक्षा इंजेक्टरची काढणे अधिक योग्य, कारण त्यामुळे कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरकडे जात नाही.

टिकटिक येते म्हणजे इंधनाचा फवारा योग्य पडतो असे मात्र नाही. अर्धवट तुंबलेला इंजेक्टरही टिकटिक करतो. अशा वेळी ते सर्व काढून चाचणी-बाकावर त्यांचा फवारा आणि प्रमाण यांची तुलना करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

मिसफायरबरोबर पी०१७१ हा 'लीन' कोडही आला आहे. इंधन कमी पडते आहे का?

कदाचित पडत असेल, कदाचित नसेलही. आणि अनुभवी माणसेही या ठिकाणी चकतात. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो ऑक्सिजन मोजतो. ठिणगीअभावी मिश्रण पेटले नाही तर त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच पुढे जातो, सेन्सरला तो दिसतो आणि ईसीयू 'मिश्रणात इंधन कमी आहे' असे समजून आणखी इंधन सोडू लागतो. अशा प्रकारे निव्वळ प्लगच्या दोषामुळेही लीनचे संकेत मिळू शकतात. म्हणून एकाच सिलिंडरचा मिसफायर असेल तर प्रथम ठिणगीची बाजू निकाली काढावी, आणि फ्युएल ट्रिमचे (ईसीयूने इंधनात केलेल्या वाढ-घटीचे) आकडे त्यानंतर पुन्हा वाचावेत. मिसफायर थांबल्यावरही लाँग टर्म ट्रिम (दीर्घकाळची सरासरी दुरुस्ती) +१० टक्क्यांच्या बरीच वर राहत असेल, तर मग हवेची गळती किंवा इंधनाचा कमी दाब शोधणे सार्थ ठरते.

मिसिंग फक्त आयडलला होते, वेग वाढवला की थांबते. असे का?

हे हवेच्या गळतीचे ठसठशीत लक्षण आहे. आयडलला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि इनटेकमध्ये निर्वात अधिक असतो, त्यामुळे फाटलेल्या नळीतून शिरणारी न मोजलेली हवा एकूण हवेच्या तुलनेत मोठी ठरते. थ्रॉटल उघडला की तीच गळती नगण्य होते. इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट, पीसीव्हीची नळी (इंजिनाच्या खालच्या भागातल्या वाफा इनटेककडे नेणारी) आणि ब्रेक बूस्टरची नळी पाहावी. स्मोक मशीनने इनटेकमध्ये धूर सोडला की तो गळतीच्या जागेतून बाहेर येताना दिसतो. चालू, गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत प्रचलित असली, तरी त्यात आगीचा धोका आहे आणि मी ती सुचवणार नाही.

चढावर किंवा जोरात वेग घेतानाच झटके बसत असतील तर?

थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाट वायूतून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते. झिजून गॅप वाढलेला प्लग किंवा अशक्त कॉइल आयडलला निभावून नेते, पण इथे हरते. त्याच वेळी इंधनाची गरजही सर्वाधिक असते, म्हणून इंधन पंपाचा दाब भाराखाली टिकतो का, हेही मोजावे.

याउलट सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही क्षण मिसिंग होऊन ते आपोआप थांबत असेल, तर रात्रभर एखाद्या सिलिंडरमध्ये काहीतरी झिरपते आहे. ते टपकणाऱ्या इंजेक्टरमधले पेट्रोल असू शकते किंवा हेड गॅस्केटमधून येणारे कूलंट. कूलंटची पातळी बाहेर कुठे गळती न दिसताही कमी होत असेल, तर दुसरी शक्यता गांभीर्याने घ्यावी.

कॉम्प्रेशनची चाचणी कधी आणि कशी करावी?

ठिणगी आणि इंधन या दोन्ही बाजू निर्दोष ठरल्यावर. इंजिन गरम करून, काही वेळ निवू देऊन सर्व प्लग काढावेत, इंजेक्टर आणि इग्निशन यांचा पुरवठा तोडावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि बॅटरी पूर्ण चार्ज असावी. प्रत्येक सिलिंडरसाठी स्टार्टर सारख्याच वेळा फिरवून आकडा नोंदवावा. अनेक पेट्रोल इंजिनांत तो साधारण १० ते १४ बार भरतो, परंतु आकड्यापेक्षा सिलिंडरमधला परस्पर फरक महत्त्वाचा असतो.

एक सिलिंडर कमी आला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगलाच वाढला तर रिंग झिजल्या आहेत, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट दोषी आहे. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी असते.

याहून नेमके उत्तर लीक-डाउन चाचणी देते. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनांना वेगळी काळजी लागते का?

या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने धुतली जात नाही आणि तिथे ऑइलच्या वाफांपासून कार्बनचे पुट चढते. पुट वाढले की थंड इंजिनात मिसफायर दिसू लागतो. इंधनाच्या टाकीत टाकायचे क्लीनर त्या जागेपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे त्याने हा थर निघत नाही. मॅनिफोल्ड काढून यांत्रिक पद्धतीने, बहुधा अक्रोडाच्या कवचाचा बारीक चुरा दाबाच्या हवेने मारून, तो साफ करावा लागतो.

सीएनजीवर मिसिंग होते, पेट्रोलवर होत नाही. प्लग ठीक समजावेत का?

नाही. सीएनजीचे मिश्रण पेटवायला अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजू लागलेला प्लग आधी सीएनजीवर उघडा पडतो. प्लग आणि कॉइल तपासून झाल्यावरच गॅस इंजेक्टर, फिल्टर आणि रेग्युलेटर यांच्याकडे वळावे. उलट, सीएनजीवर ठीक आणि पेट्रोलवरच मिसिंग असेल, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन आपोआप संशयातून सुटतात आणि पेट्रोलचे इंजेक्टर व पंप उरतात.

डिझेल इंजिनातही मिसफायर होतो का?

होतो, पण तिथे ठिणगी नसते. इंजेक्टर, कॉम्प्रेशन आणि इंधनात शिरलेली हवा हे मुख्य संशयित असतात, आणि केवळ थंडीत सुरू करतानाचा त्रास असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा भाग). कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेल) इंधन मिळते अशा इंजिनात, प्रत्येक इंजेक्टरकडून परत येणारे इंधन मोजून तुलना केली की झिजलेला इंजेक्टर कळतो. रेलमधला दाब त्वचा भेदून आत शिरू शकतो, त्यामुळे चालू इंजिनावर तिथली जोडणी कधीही सैल करू नये.

प्लग, कॉइल, इंजेक्टर सर्व नवे टाकले, तरी मिसिंग जात नाही. आता काय?

अशीच एक गाडी माझ्यापुढे आली होती. तिसऱ्या सिलिंडरचे सर्व भाग आधीच बदललेले होते आणि कॉम्प्रेशनही उत्तम होते. इंजिन आयडलवर ठेवून मी वायरिंगचा जुडगा वीतभर अंतराने हलवत गेलो, तेव्हा एका ठिकाणी इंजिन अचानक लयीत आले आणि हात काढताच पुन्हा अडखळले. तिथली टेप सोडली तर इंजेक्टरची पुरवठा वायर एका लोखंडी पट्टीवर घासून सोलली होती आणि आतल्या तांब्याच्या दोन-तीन हिरव्या पडलेल्या तारा तेवढ्या शिल्लक होत्या. मल्टिमीटर मात्र तिच्या टोकाशी बॅटरीइतके पूर्ण व्होल्टेज दाखवत होता. त्याच जागी चाचणीचा बल्ब लावला तेव्हा तो जेमतेम लाल झाला. मल्टिमीटर जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही, म्हणून एकाच तारेवरही तो समाधानी असतो. प्रत्यक्ष भार टाकल्याशिवाय वायरची ताकद कळत नाही. ही बल्बची चाचणी फक्त पुरवठ्याच्या वायरवर करावी. ईसीयूकडून येणाऱ्या नियंत्रण वायरवर बल्ब लावल्यास ईसीयूला इजा होऊ शकते.

स्वतः काम करताना कोणती काळजी घ्यावी?

चालू इंजिनावर कॉइल किंवा प्लगची वायर हाताने ओढू नये, कारण त्या व्होल्टेजचा झटका गंभीर असतो, आणि हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने तर या कामापासून दूरच राहावे. प्लग थंड इंजिनातूनच काढावेत, नाहीतर अॅल्युमिनियम हेडचे आटे निघून येतात. काढण्यापूर्वी खाचेतली धूळ हवेने उडवावी. नवा प्लग आधी हाताने आट्यांत बसवावा आणि मग टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळावा.

दुरुस्ती खरोखर झाली आहे, याची खात्री कशी करावी?

दिवा विझला एवढ्यावर विसंबू नये, कारण कोड पुसला की तो तसाही विझतो. फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेल्या तापमानाला, तितक्याच आरपीएमवर आणि भारावर गाडी चालवावी, आणि स्कॅनरला सोय असेल तर मोड ६ मधली प्रत्येक सिलिंडरची मिसफायर संख्या पाहावी. कोड येण्याइतकी नसलेली चूकही तिथे मोजली जाते. थंड इंजिनावर येणारा बिघाड असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळच्या पहिल्या स्टार्टला तीच संख्या वाचावी. क्रँक सेन्सर, फ्लायव्हील किंवा क्लच बदलला असेल, तर अनेक गाड्यांत ईसीयूला दातेरी चक्राची ओळख पुन्हा करून द्यावी लागते. ती राहून गेली तर निरोगी सिलिंडरच्या नावेही मिसफायर नोंदला जातो.